पळालं की छाती का भरते? व्यायामाने उठणारा दमा आणि सवयींची दुखणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पळणारी, कबड्डी खेळणारी, भरतीची तयारी करणारी पोरंपोरी आणि त्यांचे आईवडील फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच एका जागी टाकतोय. मी डॉक्टर नाही, हा त्रास घेऊन पळणारा माणूस आहे, त्यामुळे औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरकडूनच ठरवून घ्या. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, दुसरीकडे जास्त लिहिलेलं असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. धाप तर सगळ्यांनाच लागते, माझी धाप दम्याची आहे हे कळायचं कसं?

घड्याळ बघा. साधी धाप पळताना लागते आणि थांबलात की चार-पाच मिनिटांत उतरते. हा दमा मात्र बऱ्याचदा थांबल्यावर जोर धरतो. पाच-सहा मिनिटं जोरात पळालात, थांबलात, आणि मग ५ ते २० मिनिटांत छाती आवळली, सुं सुं आवाज यायला लागला, कोरडा खोकला सुटला तर संशय घ्यायचा. अर्ध्या ते दीड तासात तो बहुतेक वेळा आपोआप उतरतो आणि तिथेच घोळ होतो, कारण उतरला की माणूस विसरतो आणि वर्षानुवर्षं अंगावर काढतो. काहींना घरघर होतच नाही, नुसता खोकला येतो. मॅच संपल्यावर बाकीची पोरं ओरडत असताना एक पोरगा बाजूला बसून खोकतोय, असं दरवेळी दिसलं तर त्याला "स्टॅमिना वाढव" म्हणायच्या आधी तपासून घ्या.

२. पळण्याने दमा उठतोच कसा? पळणं तर चांगलं ना?

चांगलंच आहे. एरवी आपण नाकाने श्वास घेतो, नाक हवा गरम आणि दमट करून आत सोडतं. जोरात पळताना हवा कितीतरी पट जास्त लागते म्हणून तोंड उघडतं आणि कोरडी हवा थेट खाली जाते. श्वासनळीच्या आतल्या थराचं पाणी उडतं, थर सुकतो, तिथल्या पेशी हिस्टामिन आणि ल्युकोट्रायिन नावाची रसायनं सोडतात आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. ज्याच्या नळ्या आधीच सुजलेल्या असतात त्याला हे लवकर आणि जोरात होतं, म्हणून नेहमीचा दमा असलेल्या बहुतेकांना पळाल्यावर थोडाफार त्रास होतोच. उलट बाजूने बघितलं तर पळाल्यावरचा त्रास वाढतोय म्हणजे मूळ दमा नीट कंट्रोलमध्ये नाही, हा इशारा समजायचा.

३. माझो झील धावलो की खोकता. डॉक्टर म्हणतत दमो आसा. आमच्या घराण्यात कोणाकच दमो नाय, मग ह्याका खंयसून इलो?

घराण्यात दमाच असायला हवा असं काही नाही. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागणारं कोणी आहे का, त्वचेची ॲलर्जी असलेलं कोणी आहे का बघा, हे सगळं एकाच भावकीतलं असतं. शिवाय आजोबांचा जो "जुनो खोकलो" होता त्याला त्या काळी कोणी नाव दिलं नसेल एवढंच. आणि काहीजणांना एरवी दमा नसतो, फक्त व्यायामानेच नळ्या आवळतात, असंही असतं. झिलाचं खेळणं बंद करू नका. शाळेतल्या पीटीच्या सरांना डॉक्टरची चिठ्ठी द्या आणि पंप (श्वासातून औषध घ्यायचा इनहेलर) दप्तरात नको, मैदानावर सरांच्या हाताशी असू दे.

४. आमच्याकडे समुद्राची स्वच्छ हवा, मग कोकणात दमा कसा काय?

अर्धं खरं आहे. उबदार दमट हवेत पळणं हे थंड कोरड्या हवेत पळण्यापेक्षा नळ्यांना सोपं जातं, म्हणूनच मालवणात बरा असणारा माणूस डिसेंबरात लग्नाला घाटावर जातो आणि पहाटे फिरायला निघाला की खोकत परत येतो.

पण दमटपणाची दुसरी बाजू घरात असते. धुळीतले माईट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, दमट हवेत जोरात वाढतात आणि जून ते सप्टेंबर आपल्या गाद्या, गोधड्या, उशा कायम ओलसर असतात. भिंतींना बुरशी येते, कपाट उघडलं की कुबट वास. मग रात्री नळ्या सुजतात आणि सकाळी पळायला गेलं की बोल पळण्याला लागतो. पावसाने उघडीप दिली की अंथरूण-पांघरूण कडक उन्हात टाका, चादरी आणि उशांचे अभ्रे ५५-६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, माईट्स त्याने मरतात. बुरशी पुसायचं काम दमेकऱ्याला लावू नका (आमच्याकडे ते नेमकं त्यालाच लावतात, कारण तो घरी बसलेला असतो).

पावसाआधीच्या महिन्यांत तरव्यासाठी भाजावळ करतात, तो धूर सकाळी थंड हवेत खालीच बसून राहतो. त्याआधी आंब्याचा मोहोर आणि बागांतली फवारणी. मग चिरेखाणींची लाल धूळ आणि हायवेची धूळ आहेच. फवारणी चालू असेल त्या दिवशी बागेच्या रस्त्याने पळू नका, वारा कुठून येतो ते बघून रस्ता बदला. किनाऱ्याला ओल्या वाळूवरून पळणं ह्या दिवसांत सगळ्यात बरं, तिथे दुपारनंतर वारा समुद्राकडून असतो.

५. डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे काढला, सगळं नॉर्मल आलं. मग मला काहीच झालं नाही का?

बसलेल्या माणसाची छाती तपासली तर ती नॉर्मलच येणार, त्रास पळाल्यावर होतोय ना. ह्यासाठी स्पायरोमेट्री नावाची फुंकायची टेस्ट असते. शंका असेल तर ट्रेडमिलवर किंवा सायकलवर ६ ते ८ मिनिटं चांगलं दमवतात आणि नंतर ठराविक वेळाने परत परत फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा १० टक्के किंवा त्याहून जास्त घटली तर निदान होतं. टेस्टच्या आधी कुठला पंप किती तास बंद ठेवायचा ते विचारून घ्या, त्या दिवशी चहा-कॉफीही टाळायला सांगतात कारण कॅफीन नळ्या थोड्या उघडतं. ही सोय तालुक्याला नसेल तर छातीच्या डॉक्टरकडे जिल्ह्याला जावं लागतं. तोवर एक करा, त्रास होतानाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, आवाजासकट. डॉक्टरला त्यातून पुष्कळ कळतं.

६. पंपाची सवय लागते म्हणतात. एकदा लागला की सुटत नाही, खरं का?

नाही. पंपाचं व्यसन लागत नाही, गोळी किंवा सिरपपेक्षा त्यात औषधाचं प्रमाणही खूप कमी असतं कारण ते थेट जागेवर जातं. आमच्याकडे चष्मा लागला तर कोणी लपवत नाही, पण मुलीचा पंप मात्र पाहुणे आले की कपाटात जातो, लग्न ठरेल की नाही म्हणून. ह्यापायी किती पोरींनी खेळ सोडला असेल.

पण ह्या भीतीत एक खरी गोष्ट दडलेली आहे. निळा पंप, म्हणजे नळ्या उघडणारं सालब्युटामॉल, रोज रोज वापरला तर त्याचा व्यायामाआधीचा परिणाम हळूहळू कमी होतो आणि आतली सूज तो बरी करतच नाही. दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढणारी 'जीना' ही संस्था २०१९ पासून सांगतेय की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, सूज कमी करणारं इनहेल्ड स्टिरॉइड सोबत हवंच. त्यामुळे आठवड्यातून बऱ्याचदा निळा पंप लागत असेल तर मेडिकलमधून पुढचा आणू नका, डॉक्टरकडे जा. स्टिरॉइड नाव ऐकून घाबरू नका, पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, फक्त घेतल्यावर चूळ भरून थुंका नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. आणि दम्याची माँटेल्युकास्ट नावाची गोळी चालू असेल आणि माणूस चिडचिडा, उदास झाला, वाईट स्वप्नं पडायला लागली तर डॉक्टरला लगेच सांगा. अमेरिकेच्या एफडीए ह्या औषध नियंत्रण संस्थेने २०२० मध्ये ह्याबद्दलचा इशारा जास्त कडक केलाय.

७. पळायच्या किती आधी घ्यायचा? घेतला तरी फरक पडत नाही.

सालब्युटामॉल दिलेलं असेल तर साधारणपणे व्यायामाच्या ५ ते १५ मिनिटं आधी घेतात, असर दोन ते चार तास. काहींना फॉर्मोटेरॉल (हेही नळ्या उघडणारं) आणि स्टिरॉइड एकत्र असलेला पंप देतात, तोही व्यायामाआधी चालतो.

फरक पडत नसेल तर आधी घेण्याची पद्धत बघा, बहुतेकांचं औषध जिभेवर आणि घशातच संपतं. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, तोंड घट्ट लावून हळू खोल श्वास घेत दाबा, दहा सेकंद रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर हे सगळं सोपं होतं, मोठ्यांनीही लाजू नये. स्पेसर मिळेपर्यंत अर्ध्या लिटरची प्लास्टिक बाटली घ्या, बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडा आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्या. जुगाड वाटेल, पण ह्याच्यावर अभ्यास झालेत आणि काम होतं. पद्धत बरोबर असूनही फरक नाही, तर प्रश्न १२ वाचा.

८. पावसात रोटाकॅप (यंत्रात घालून ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल) मऊ पडतात, चालतात का?

नाही. पावडर ओल धरते, गोळे होतात, आत कमी जाते. वापरायच्या वेळीच बाहेर काढा, डबी घट्ट लावा, यंत्र धुतलं तर पूर्ण सुकू द्या आणि त्यात उलटा श्वास सोडू नका. मे महिन्यात पंप स्कूटीच्या डिकीत ठेवू नका.

९. पोलीस भरतीला १६०० मीटर आहे. पहिल्या राऊंडलाच छाती भरते. भरती सोडू का?

आधी सोडू नका, आधी वॉर्मअप बदला. भरतीवाली पोरं दोन स्ट्रेच मारतात आणि सुसाट सुटतात, ह्या दम्याला तेवढंच हवं असतं. १० ते १५ मिनिटं घ्या: हळू जॉगिंग, मग वेग वाढवत मध्ये मध्ये २०-३० सेकंदांचे छोटे स्प्रिंट, मध्ये चालणं. ह्यामागे कारण आहे. एकदा नळ्या थोड्या आवळून सुटल्या की जवळजवळ निम्म्या लोकांना पुढचे एक ते तीन तास तेवढा त्रास होत नाही. "पहिला किलोमीटर जीव जातो, नंतर मस्त वाटतं" असं सांगणारे जे असतात ते बहुतेक हेच अनुभवत असतात. ग्राउंडवर नंबर कधी लागेल ह्याचा भरवसा नसतो, म्हणून वॉर्मअप रांगेत उभं असतानाही थोडं थोडं चालू ठेवा. मुलींचं ८०० मीटरही तसंच, उलट अंतर कमी म्हणून त्या जास्त सुसाट सुटतात. संपल्यावर धपकन बसू नका, पाचेक मिनिटं चाला. सर्दी-ताप असेल त्या आठवड्यात जोराचा सराव नको.

आणि पॉला रॅडक्लिफ माहीत आहे का? तिला शाळकरी वयातच हा त्रास असल्याचं कळलं होतं आणि २००३ मध्ये तिने लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला. सगळ्यांना ते जमणार नाही, पण १६०० मीटर जमतात.

१०. मग कुठला खेळ घ्यावा?

आवडेल तो. थोडा थोडा जोर लागणारे, म्हणजे क्रिकेट, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन सोपे जातात. सलग पळण्याचे, म्हणजे फुटबॉल, लांब पल्ला, जड जातात. कबड्डी मधली, रेड जोराची पण मध्ये दम खायला वेळ मिळतो. पोहणं उत्तम कारण पाण्यालगतची हवा दमट असते, मात्र बंद हॉलमधल्या टँकच्या क्लोरीनचा काहींना त्रास होतो. विहिरीत पोहणाऱ्यांना ती भीती नाही, सोबत माणूस मात्र हवा.

११. शिमग्याला पालखी नाचवताना आणि गणपतीत जाखडी नाचताना त्रास होतो, रोज पळताना नाही. असं का?

कारण तिथे सगळं एकदम जुळून येतं. वॉर्मअप नाही, दीड-दोन तास नाच, धूप-कापूर-फटाक्यांचा धूर, होळीचा धूर, पायाखालची उडणारी धूळ, जागरण, आणि वर तोंडाने गजर चालू म्हणजे नाकाने श्वास घ्यायचा प्रश्नच नाही. देव नाचवायचा नाही असं कोण सांगणार, आणि सांगू पण नये. खांदा लवकर बदला, धुराच्या बाजूला उभं राहू नका, पंप खिशात ठेवा आणि बाजूच्या एका गड्याला सांगून ठेवा. घरातल्या आरतीला धूप-कापूर कमी लावा आणि खिडकी उघडी ठेवा, बाप्पा रागावत नाही.

१२. पंप घेऊनही काडीचा फरक नाही. आवाज छातीतून नाही, गळ्यातून येतो.

मग तो दमा नसण्याचीही शक्यता आहे. जोराच्या व्यायामात काहींची स्वरयंत्राची जागा आकसते. श्वास आत घेताना घोगरा आवाज येतो, गळा दाबल्यासारखं वाटतं, ऐन पळताना सुरू होतं आणि थांबल्यावर काही मिनिटांत जातं. तरुण पोरींमध्ये हे जास्त दिसतं. ह्याला पंप लागू पडत नाही, श्वासाचे व्यायाम लागतात आणि ते स्पीच थेरपिस्ट शिकवतात.

दुसरी कारणंही असतात. बायकांमध्ये रक्त कमी असणं फार कॉमन आहे, पाखाडी चढली की धाप लागते, हिमोग्लोबिन तपासा. चाळिशीनंतर चढावर छाती दुखत असेल, दुखणं हाताकडे जबड्याकडे जात असेल, किंवा कुठल्याही वयात पळताना चक्कर येऊन पडला असाल तर पंप बाजूला ठेवून आधी हृदय तपासा.

१३. आमच्या घरात कोणी सिगरेट ओढत नाही, मग सवयीचा संबंध काय?

घरात धूर काय सिगरेटचाच असतो का? मच्छरांची कॉईल घ्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉईलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींएवढे भरले होते. आणि आपण ती खिडकी लावून उशाशी लावतो, रात्रभर. मच्छरदाणी लावा, खरंच. पहाटे पळायला जाणाऱ्याने तर नक्कीच.

मग आंघोळीच्या पाण्याची चूल. चुडतं, सोडणं, त्यात ओली लाकडं, आणि पोरगं नेमकं तिथेच शेकत बसतं. गॅसवर किंवा सोलरवर जमत नसेल तर चूल घराबाहेर आणि लाकडं सुकी, एवढं तरी. मशेरी ओढत नाहीत हे खरं, पण ती तव्यावर भाजताना अख्खं घर ठसकतं, आणि तो तंबाखूचाच धूर आहे. मसाल्याच्या मिरच्या भाजतानाही दमेकऱ्याला बाहेर पाठवा. विडीबद्दल वेगळं काय लिहू, विडी ओढणाऱ्यावर स्टिरॉइडचा पंपही कमी लागू पडतो.

१४. रात्री उशिरा जेवून झोपलं की पहाटे खोकला येतो आणि सकाळी पळताना छाती जळते. हा पण दमाच का?

ॲसिडिटी असू शकते, दोन्ही एकत्रही असतात. पोटातलं आम्ल वर येऊन नळ्यांना डिवचतं. झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण आटपा, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा, पोटाचा घेर कमी करा. तिखट सुक्या मासळीवर ताव मारून लगेच आडवं होणाऱ्यांनी पंप बदलून मागण्याआधी हे करून बघा.

१५. गुडघा दुखला म्हणून पेनकिलर घेतली आणि दमा उठला. योगायोग?

नसेलही. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ह्या जातीच्या गोळ्यांनी झटका येतो, नाकात मांस वाढलेलं असेल तर जास्तच. नेहमीच्या डोसात पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. तसंच मायग्रेन, धडधड किंवा बीपीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखं बीटा ब्लॉकर चालू असेल तर नळ्या आवळू शकतात आणि पंपही नीट चालत नाही. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही त्याच जातीचे, डोळ्याच्या डॉक्टरला दमा आहे हे सांगायचं कोणाला सुचत नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका, बदलून मागा.

१६. पाव-उसळ खाऊन पळालो तर अंगावर गांधी उठतात आणि धाप लागते. नुसतं खाल्लं किंवा नुसतं पळालो तर काहीच नाही.

हे हलक्यात घेऊ नका. काहींना ठराविक पदार्थ आणि त्यानंतर काही तासांत व्यायाम अशी जोडी जुळली तरच जोराची ॲलर्जी उठते. सगळ्यात जास्त गव्हामुळे, कोळंबी-कुर्ल्यांमुळेही. वर ॲस्पिरिनच्या जातीची गोळी घेतलेली असेल तर धोका वाढतो. ओठ सुजले, चक्कर आली, आवाज बसला तर पळणं तिथेच थांबवून थेट हॉस्पिटल, तिथे मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, पंप पुरत नाही. ॲलर्जीची तपासणी होईपर्यंत तो पदार्थ खाऊन चार तास तरी व्यायाम नको. घाम आल्यावर नुसते टाचणीच्या डोक्याएवढे बारीक पुरळ उठून तासाभरात जात असतील तर तो बहुतेक वेळा घामाच्या पित्ताचा साधा प्रकार असतो, तरी एकदा दाखवा.

१७. कोजागिरीला खिरीतून देतात ते औषध, मृगाला माशातून देतात ते औषध, ह्याने दमा जातो का?

दमा त्याने बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. श्रद्धेने खीर खायची तर खा, पण "आता पंप बंद" म्हणून सांगितलं तर ऐकू नका. बांगडा-तारलीतल्या तेलाने थोडा फायदा दिसल्याचे छोटे अभ्यास आहेत, म्हणून जेवणात घ्या, औषध म्हणून नको.

१८. किनाऱ्यावर एकटा असताना अटॅक आला तर?

थांबा, बसा, किंचित पुढे वाका, आडवे होऊ नका. निळा पंप एकेक पफ करून चार पफ, प्रत्येकाला स्पेसरमधून चार श्वास. चार मिनिटं थांबून उतार नसेल तर परत चार. तरीही नाही, किंवा एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळे पडले, घरघर एकदम बंद होऊन छाती शांत झाली, तर १०८. शेवटचं लक्षण लोक सुधारणा समजतात, ती सगळ्यात वाईट खूण आहे. गाडी येईपर्यंत पफ चालू ठेवा. डॉक्टरांनी फॉर्मोटेरॉलचा पंप दिला असेल तर अशा वेळी तो किती घ्यायचा ते आधीच लिहून घ्या. आपल्याकडे वाड्यावस्त्यांवर गाडी पोचायला वेळ लागतो आणि खाजणाच्या कडेला रेंज नसते, म्हणून कुठल्या बाजूला पळायला चाललोय ते घरी सांगून निघा.

१९. राज्य पातळीवर खेळतो. पंप डोपिंगमध्ये सापडेल का?

सालब्युटामॉल पंपाने घेतलं तर २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, आपल्याकडचा एक पफ साधारण १०० चा. इनहेल्ड स्टिरॉइडही नेहमीच्या डोसात चालतं. पण त्याच सालब्युटामॉलची गोळी किंवा सिरप परवानगीशिवाय चालत नाही. खरी भानगड खोकल्याच्या सिरपमध्ये होते, त्यात बऱ्याचदा टर्ब्युटालिन असतं आणि ते कुठल्याही मार्गाने घेतलं तरी आधी परवानगी लागते. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा आणि 'वाडा' ह्या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची बंदीची यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते हे लक्षात ठेवा.

२०. तारकर्लीला स्कुबा करायचं आहे. पंप घेऊन गेलो तर चालेल?

व्यायामाने किंवा थंडीने दमा उठत असेल तर स्कुबा टाळायलाच सांगतात. सिलिंडरमधली हवा एकदम कोरडी असते, पाण्याखाली हातपाय मारायची मेहनत असते, म्हणजे नळ्या आवळायची सगळी तयारी. आणि नळी आवळून हवा आत अडकली आणि तुम्ही वर यायला लागलात तर ती हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. पाण्याखाली पंप घेता येत नाही. फॉर्मवर "दमा आहे का" विचारतात तिथे खोटं "नाही" लिहून उतरणारे बघितलेत, बुकिंगचे पैसे वाया जातील म्हणून. करायचंच असेल तर छातीच्या डॉक्टरकडून टेस्ट करून लेखी घ्या आणि ते नाही म्हणाले तर नाही. पाण्याच्या वरवर स्नॉर्केलिंग करता येईल, दमा कंट्रोलमध्ये असेल, समुद्र शांत असेल, लाईफ जॅकेट घातलं असेल आणि पंप बोटीवर वॉटरप्रूफ पिशवीत ठेवून बोटवाल्याला दाखवलेला असेल तर.